माशी नसलेली माशी: खाऱ्या पाण्यातला खरा फ्लाय कुठला?

ज्यांनी हा भाग हार्बर लाइनवर ऐकायला घेतला आणि वडाळा ते जीटीबी नगरच्या मधे नेटवर्कने दगा दिला, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतोय. बोलताना मी दोन-तीनदा भरकटलो होतो, तेवढं छाटलंय. बाकी भाषा बोलण्याचीच आहे, सांभाळून घ्या.

आजचा प्रश्न एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. राहतो अँटॉप हिलला, आजोळ शीव कोळीवाड्यातलं. तो म्हणतो: "दादा, मी उरणच्या बाजूला खाडीत फ्लाय रॉडवर जिताडा काढला. दोन किलोच्या वर होता. गळ म्हणजे क्लाउझर होता, फक्त टोकाला कोळंबीचा इवलासा तुकडा लावला होता. फोटो टाकला आणि खाली लिहिलं, पहिला जिताडा ऑन फ्लाय. तर ग्रुपवाले तुटून पडले, म्हणे हा फ्लायवरचा मासा नाहीच. आणि घरी मामा म्हणतो, ह्या पिसांच्या झुपक्याला माशी म्हणतात तरी कशाला? ह्यात माशी कुठाय? आता मी कुणाचं ऐकू?"

गंमत बघा, भांडण माशाचं नाहीच. जिताडा खरा, वजन खरं, रॉड खरा. भांडण आहे ते दोन बोटांएवढ्या झुपक्याचं. पण पोराला लागलंय, हे आवाजातून कळत होतं. दोन वर्षं तो फ्लाय टाकायला शिकतोय, आणि पहिल्याच मोठ्या माशावर लोकांनी फुली मारली. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

आधी मामाचा मुद्दा घेऊ, कारण तो ग्रुपवाल्यांपेक्षा मूलभूत आहे.

माशी गेली, नाव राहिलं

फ्लाय म्हणजे माशी, आणि माशीने मासा पकडायचा. हे सुरू झालं नदीवर. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांचं वर्णन करून ठेवलंय. तिथल्या नदीवर एक विशिष्ट माशी घोंगावायची आणि मासे ती टिपायला वर यायचे. पण ती माशी माणसाने हातात धरली की तिचा रंग उतरायचा, पंख कोमेजायचे, मासे तिला तोंड लावेनात. मग त्या लोकांनी काय केलं? गळाभोवती लाल लोकर गुंडाळली आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधली. झाली खोटी माशी तयार.

म्हणजे सुरुवातीलाच दोन गोष्टी पक्क्या झाल्या. गळाला खरं खाद्य लावायचं नाही. आणि जे लावायचं ते दोऱ्याने बांधून तयार करायचं.

पुढे हा प्रकार नदीवरून समुद्रावर आला, आणि माशी गळून पडली. शीवच्या खाडीवर डास पाहिजे तेवढे, पण जिताडा काही डास खायला तोंड वर काढत नाही. तो खातो कोळंबी, करंदी, बोयची पिल्लं. त्यामुळे खाऱ्या पाण्यातला फ्लाय हा माशीची नक्कल नसतो. तो छोट्या माशाची, कोळंबीची नाहीतर चिंबोरीची नक्कल असतो. नाव मात्र जुनंच चिकटलं. मामा बरोबर आहे, ह्यात माशी नाही. पण मग ह्याला फ्लाय म्हणायचं कशामुळे?

इथे मला कोळीवाड्यातलंच उदाहरण सुचतं. डोल घ्या. डोल म्हणजे शंकूसारखं लांबलचक पिशवीचं जाळं. खुंटाला किंवा नांगराला बांधून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि बोंबील, मांदेली, जवळा मागच्या टोकाला जमा होतो. पूर्वी ही डोल ताग-सुताची विणायचे. नंतर नायलॉन आलं, प्लास्टिकचा धागा आला. जुन्या डोलीतला एक धागाही आजच्या डोलीत नाही. तरी नाखवा तिला डोलच म्हणतो, कारण तिचं काम बदललेलं नाही: ती जागेवर उभी, पाणी मासा आणून देतं. आता समजा तीच पिशवी कुणी ट्रॉलरच्या मागे बांधून ओढत नेली, तर एकही कोळी तिला डोल म्हणणार नाही. धागा तोच, पण काम वेगळं झालं ना!

फ्लायचंही असंच आहे. तो कशाचा बनलाय हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तो पाण्यावर पोचतो कसा?

कोण कुणाला नेतं?

साधा रॉड-रीळ घ्या. टोकाला चमचा नाहीतर प्लास्टिकचा मासा, वजन १४-१५ ग्रॅम. तुम्ही रॉड झटकता, ते वजन पुढे उडतं आणि मागून बारीक दोरी ओढत नेतं. दगडाला सुतळी बांधून भिरकावण्यासारखं. पागही असाच उडतो, घेराला लावलेलं शिसं जाळं उघडत घेऊन जातं. वजन टोकाला, काम टोकाचं.

फ्लायमध्ये हे उलटं. टोकाला पिसाचा झुपका, फुंकर मारली तर उडेल असा. तो दोरी ओढणार काय! म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते. आठ नंबरची फ्लाय लाइन घेतली तर तिच्या पुढच्या ३० फुटांचं ठरलेलं वजन २१० ग्रेन, म्हणजे साधारण १३.६ ग्रॅम. अंदमानात मोठ्या ट्रेवलीसाठी जी बारा नंबर वापरतात, तिचं ३८० ग्रेन, म्हणजे साडेचोवीस ग्रॅमच्या आसपास. बघा, आकडा जवळपास तोच आहे, १४ ग्रॅम. फक्त ते वजन ल्यूरमधून निघून दोरीत गेलंय. रॉडने दोरीचा फास हवेत मागे-पुढे उलगडायचा आणि शेवटी ती दोरी झुपक्याला सोबत घेऊन जाते. चाबकाच्या टोकाला पीस बांधलंय असं समजा.

म्हणून माझ्या मते खऱ्या फ्लायची पहिली खूण ही: दोरी त्याला नेते, तो दोरीला नेत नाही.

आपल्या गावाच्या नावातच शीव आहे, म्हणजे हद्द. मुंबई बेट इथे संपायचं आणि पलीकडे साष्टी सुरू व्हायची. इंग्रजांनी सतराव्या शतकात टेकडीवर किल्ला बांधला तो ह्याच हद्दीवर नजर ठेवायला. तेव्हा हद्दीची भांडणं आपल्याला नवीन नाहीत. आता फ्लायच्या हद्दीवर कोण कोण उभं आहे ते बघू, कारण खरी मजा तिथेच आहे.

पहिला, श्रोत्याचा क्लाउझर. पूर्ण नाव क्लाउझर डीप मिनो. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझरने १९८०च्या दशकात हा बांधला, तोही समुद्रासाठी नाही, सस्क्वेहाना नदीतल्या बाससाठी. नाव दिलं लेफ्टी क्रे ह्या नावाजलेल्या फ्लाय मच्छीमाराने. ह्याची खासियत म्हणजे गळाच्या दांड्यावर बांधलेले डंबेलसारखे धातूचे डोळे. त्या वजनाने गळ उलटा होतो, टोक वर राहतं, त्यामुळे तळाच्या दगडात अडकत नाही. ओढला की पुढे, थांबला की खाली डोकं घालून बुडतो. वर-खाली, वर-खाली. जखमी माशाची हुबेहूब चाल.

आणि नेमकं ह्याच्यावरच जुने लोक बिथरले. म्हणे हा फ्लाय नाही, हा जिग आहे. शिशाचा गोळा लावलाय आणि वर चार केस बांधलेत. मुद्दा अगदीच फालतू नाही हं. पण आपली खूण लावून बघा. मधल्या आकाराच्या डोळ्यांचं वजन असतं एक तीसांश औंस, म्हणजे ०.९ ग्रॅमच्या आसपास. दोरीचं १३.६. मग कोण कुणाला नेतंय? दोरीच. कास्टिंग थोडं धबडगं होतं, डोक्यावरून जाताना टोपी सांभाळावी लागते, पण आहे ते फ्लाय कास्टिंगच. आता कुणी तिथे पाच-सहा ग्रॅमचं शिसं बांधलं, तर मात्र ते शिसंच दोरीला खेचायला लागेल. मग हातात फ्लाय रॉड असला तरी तुम्ही दगडच भिरकावताय. आज जगभर क्लाउझरला कुणी नाकं मुरडत नाही.

दुसरा, सबिकी. आपल्याकडे ऑनलाइन 'फ्लाय सेट' म्हणून शोधलं की हे बऱ्याचदा समोर येतं. एका दोरीला ओळीने पाच-सहा छोटे गळ, प्रत्येकाला पीस किंवा चमकी, आणि शेवटी शिसं. जपानी पद्धत आहे, बांगड्यासारख्या थव्याने फिरणाऱ्या माशांवर फार चालते. दिसायला प्रत्येक गळ अस्सल फ्लाय. पण नेतं कोण? शेवटचं शिसं. तेव्हा सबिकी चांगली असेल, स्वस्त असेल, डबा भरून बांगडे देईल, पण ती फ्लाय फिशिंग नाही. घेताना फसू नका एवढंच.

तिसरा, पॉपर. पुढून खोलगट तोंडाचा, बुचाचा नाहीतर फोमचा ठोकळा, ओढला की पाण्यावर 'पोळ्ळक' आवाज करतो. ह्यात पीस नावालाच. कडक अंग म्हणजे फ्लाय नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, पॉपर नियमावलीत नाव घेऊन मान्य केलेला आहे. हलका आहे, दोरी त्याला सहज नेते.

चौथ्याने जास्त डोकं खाल्लं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्सने सर्फ कँडी काढला: कृत्रिम केस बांधायचे आणि वरून पारदर्शक इपॉक्सीचा थर द्यायचा. काचेसारखा मासा. धारदार दातांच्या माशांनी कितीही चावलं तरी तुटत नाही. पुढे गमी मिनो आला, त्यात तर चमकदार सिलिकॉनची पट्टी गळावर दुमडून चिकटवतात. हात लावला तर थेट रबरी ल्यूर. सर्फ कँडीच्या आत निदान दोऱ्याने बांधलेले केस आहेत. गमी मिनोत बांधणीपेक्षा चिकटवणं जास्त. मला विचाराल तर सर्फ कँडी पूर्ण आत, आणि गमी मिनो शिवेवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे. दोरी त्याला नेते, म्हणून मी त्याला हाकलणार नाही. पण कुणी हाकललं तर भांडणारही नाही.

चिंबोरीवाल्या फ्लायची गोष्ट तर अजून भारी. डेल ब्राउनचा मर्किन हा पर्मिट नावाच्या महालाजाळू माशासाठी बनलेला खेकडा. तो कशाचा? गालिच्याच्या लोकरीचा! लोकरीचे तुकडे गळाला आडवे गाठी मारून बांधायचे, कात्रीने गोल कापायचे, रबराचे पाय लावायचे. गालिच्याची लोकर चालते, म्हणजे 'अस्सल' हा शब्द मालाला लागू होत नाही, हे उघडच झालं.

नियमवाले काय म्हणतात

आता येऊ ग्रुपवाल्यांकडे. समुद्रातल्या फ्लायचे विक्रम नोंदवायला १९६५ साली अमेरिकेत सॉल्ट वॉटर फ्लाय रॉडर्स ऑफ अमेरिका ही संघटना निघाली. १९७८ मध्ये हे काम इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनकडे, म्हणजे इग्फाकडे गेलं. इग्फा १९३९ पासूनची. जागतिक विक्रम तिच्याच वहीत लागतात. तिच्या नियमांत फ्लायची व्याख्या फार काव्यात्म नाही. मान्य प्रकारचा कृत्रिम फ्लाय पाहिजे: स्ट्रीमर, बकटेल, ट्यूब फ्लाय, ओला, सुका, निम्फ, पॉपर, बग असे. आणि एक वाक्य फार शहाणपणाचं आहे, त्याचा अर्थ असा: एखादी वस्तू फ्लाय रॉडने फेकता आली, एवढ्यावरून ती फ्लाय ठरत नाही.

हे कुणासाठी? अतिहुशार लोकांसाठी. छोटा, हलका, पुढे जीभ लावलेला प्लास्टिक मासा घ्यायचा, फ्लाय रॉडने फेकायचा आणि म्हणायचं, बघा दोरी नेतेय की! म्हणजे माझी पहिली खूण गरजेची आहे, पण एकटी पुरेशी नाही, हे इग्फाने आधीच ओळखलं होतं.

लीडरचेही नियम आहेत: नाजूक टिपेट २० पौंडांच्या वर चालत नाही, दातांपासून वाचवायला पुढे जाड तुकडा लावला तर तो १२ इंचांच्या आत. विक्रम करायचा नसेल तर हे विसरलात तरी चालेल.

पण एक नियम विसरून चालणार नाही. फ्लायला खरं किंवा टिकवलेलं आमिष जोडायचं नाही. वास लावायचा नाही. वास असलेलं साहित्यही वापरायचं नाही. पूर्ण बंदी.

तर भावा, निकाल असा. तुझा क्लाउझर अस्सल फ्लाय आहे. कास्ट अस्सल. जिताडा तर अस्सलच, त्याला कुणाचं प्रमाणपत्र नको. पण कोळंबीचा तो इवलासा तुकडा लावलास त्या क्षणी क्लाउझर फ्लाय राहिला नाही, तो सजवलेला आमिषाचा गळ झाला. ग्रुपवाले बरोबर आहेत. बोलण्याची पद्धत त्यांची वाईट असेल, ते वेगळं.

तू म्हणशील, एवढ्याशा तुकड्याने काय होतं? हाच तर कळीचा मुद्दा आहे. आपली खाडी गढूळ. उधाणाला तर चहाच्या रंगाचं पाणी. तिथे माशाला लांबून दिसत नाही, तेव्हा वासाला भलतीच किंमत येते. शिंगाळ्याला विचार, मिशांनी हुंगत हुंगत तो अंधारातही कोळंबीपर्यंत पोचतो. तू वास लावलास तर फ्लाय टाकणाऱ्याचं सगळं अवघड काम वासाने करून टाकलं: मासा कुठे दबा धरून बसलाय हे ओळखणं, पाणी उतरताना नाल्याच्या तोंडाशी नेमका टप्पा साधणं, झुपक्यात जीव आहे असं भासवत ओढणं. पिसात जीव घालायचं काम हाताचं. कोळंबी ते काम हातातून काढून घेते. म्हणून नियम एवढा कडक आहे. माशाला त्याचं काही पडलेलं नाही, माणसाला पडलेलं आहे.

आणि हे ऐक, आमिषावर मासा काढणं ह्यात कमीपणा काय? आजोळची अख्खी पिढी गळाला आमिष लावूनच जगली. पोटासाठी मासा काढणाऱ्याने स्वतःच्या हाताला बेडी का घालावी? फ्लायवाला ती बेडी हौसेने घालतो. घातली की मग अर्धी काढता येत नाही. फोटोखालची ओळ बदल: 'पहिला जिताडा, फ्लाय रॉडवर, कोळंबीने.' फोटो तसाच राहू दे, मस्त आलाय.

पिसं कुठली वापरायची?

ह्यावर फार मेसेज आलेत, म्हणून थोडं. इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या सॅमन फ्लायमध्ये 'जंगल कॉक' नावाचं पीस असतं: त्यावर मेणाचा थेंब सुकल्यासारखा पिवळसर-पांढरा चकचकीत ठिपका. ते पीस येतं राखी रानकोंबड्याच्या मानेवरून. आपल्या सह्याद्रीतला पक्षी तो! १९९१ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने फ्लायची पाच तिकिटं काढली. त्यात एक लेफ्टी क्रेचा डिसीव्हर, समुद्रातला सगळ्यात ओळखीचा फ्लाय. दुसरा जॉक स्कॉट, आणि त्याच्या पारंपरिक बांधणीत आपल्या रानकोंबड्याचं पीस आहे. ह्या पिसांपायी भारतात हा पक्षी बेसुमार मारला गेला. आता १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो संरक्षित आहे. कुणी 'गावाकडून आणलंय' म्हणून ते पीस देऊ केलं, किंवा सांबराचे, चितळाचे केस देऊ केले, तर हात लावू नका. फ्लाय कितीही अस्सल दिसला तरी शिकारीला गिऱ्हाईक तुम्हीच ठरता, आणि कायद्याचं लचांड वेगळंच.

गरजही नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसं चिकनवाला फुकट देतो. ब्रॉयलरची मऊ पडतात, लांब तुऱ्याला नको. साबणाने धुवा, सावलीत वाळवा, डांबरगोळीसोबत ठेवा. हरणाच्या शेपटीऐवजी बोकडाचे लांब केस. डोळ्यांना किचेनमधली मण्यांची साखळी: दोन मणी कापले की झालं. बहामातला प्रसिद्ध क्रेझी चार्ली असल्याच मण्यांच्या डोळ्यांचा आहे. डोक्यावरचा दोरा पक्का करायला नेलपॉलिश, पारदर्शक. घरात विचारून घ्या. खाडीच्या गढूळ पाण्यासाठी काळा, जांभळा किंवा भडक पोपटी. फिकट रंग तिथे हरवतो.

जाता जाता एक प्रश्न परळहून आलाय: "गणपतीच्या सजावटीतली उरलेली चमकी आणि चॉकलेटचा कागद बांधला तर तो खरा फ्लाय होईल का? की मित्र हसतील?"

चमकी बिनधास्त बांध, ती गणपतीची आहे का परदेशी पाकिटातली, हे दोरीला कळत नाही. चॉकलेटचा कागदही चालेल. फक्त आधी साबणाने धुऊन घे. वास राहिला तर नियमात बसायचं नाही.